नाशिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ शोधताय? आधी दुसऱ्या भेटीचा विचार करा

सोसायटीच्या किंवा जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज येतो: "नाशिकमध्ये कोणी चांगले सायकियाट्रिस्ट माहीत आहेत का? एका नातेवाइकासाठी हवेत." (हा नातेवाईक बरेचदा मेसेज टाकणाराच असतो, ते असो.) खाली भराभर उत्तरं येतात. गंगापूर रोडच्या एक समुपदेशक, मुंबई नाक्याजवळचे मेंदूविकारतज्ज्ञ, कोणाच्या तरी ओळखीतले संमोहनवाले, इगतपुरीची विपश्यना, त्र्यंबकची शांती आणि शेवटी "सरळ पुण्याला ने, इथे काही नाही." एवढ्या उत्तरांत मानसोपचारतज्ज्ञाचं नाव एकही नसतं.

नाशिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मुंबई-पुण्याइतके नाहीत, हे खरं. पण माणसं अडतात ती तज्ज्ञ नाहीत म्हणून कमी आणि चुकीचं दार आधी ठोठावल्यामुळे किंवा बरोबर दार सापडूनही दुसऱ्यांदा न गेल्यामुळे जास्त.

गोळ्या नक्की कोण लिहून देऊ शकतं?

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा आधी एमबीबीएस डॉक्टर असतो आणि त्यानंतर मनोविकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतो. पाटीवर एमडी (सायकियाट्री), डीएनबी (सायकियाट्री) किंवा डीपीएम असं लिहिलेलं असतं. तो निदान करतो, औषध देतो, गरज पडली तर दाखल करून घेतो.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, डॉक्टर नसतो. चाचण्या आणि बोलण्यातून उपचार हे त्याचं काम. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे त्याची नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर सांगायला हरकत नसावी. तो औषध लिहून देऊ शकत नाही. समुपदेशक ही तिसरी मंडळी. यांत उत्तम शिकलेले, अनुभवी लोक आहेत आणि तीन महिन्यांचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. त्यामुळे शिक्षण काय झालंय ते विचारावंच लागतं.

मेंदूविकारतज्ज्ञ म्हणजे न्यूरोलॉजिस्ट. फिट्स, अर्धांगवायू, कंपवात, अर्धशिशी हा त्यांचा प्रांत. "डोक्याचे डॉक्टर" म्हणून लोक त्यांच्याकडे जातात, एमआरआय होतो, तो स्वच्छ येतो आणि "काही नाही, टेन्शन घेऊ नका" ऐकून घरी परततात. उदासीनता (म्हणजे डिप्रेशन) किंवा ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही. तेव्हा स्वच्छ एमआरआय म्हणजे आजार नाही, असं होत नाही.

फॅमिली डॉक्टर कायद्याने ही औषधं देऊ शकतात. सौम्य उदासीनता किंवा चिंता असेल, डॉक्टरांना त्यात गती असेल, तर सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही. पण दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, भास होत असतील, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, बाळंतपणानंतर त्रास सुरू झाला असेल किंवा माणूस चार रात्री न झोपताही तरतरीत असून पैसे उधळत असेल, तर तिथे थांबू नका. शेवटचं लक्षण बायपोलर आजाराचं असू शकतं आणि त्यात नुसती उदासीनतेची गोळी दिली तर उन्माद, म्हणजे हीच अतिउत्साहाची अवस्था, भडकण्याचा धोका असतो.

पाटीवर विश्वास नसेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. तो चिठ्ठीवर छापलेला असतो आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो.

मग नाशिकमध्ये ही मंडळी बसतात कुठे?

देशात लाख लोकसंख्येमागे सरासरी ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, असा आकडा संसदीय समितीच्या २०२३ च्या अहवालातही आला. किमान तीन तरी हवेत. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. देशाची सरासरी इथे लावली तर जिल्ह्याला जेमतेम ४५-४६ जण येतात. तेही सारखे पसरलेले नसतात. खासगी दवाखाने शहरातल्या मोजक्या रस्त्यांवर दाटलेत आणि सुरगाणा, पेठच्या माणसाला सकाळची एसटी धरून यावं लागतं.

पहिला पत्ता त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयाचा, म्हणजे आपल्या सिव्हिलचा. सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरलात तर चालत जाता येतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर आला. त्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असं पथक अपेक्षित आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गर्दी असते, आणि नवीन रुग्णाला अर्धा तास मिळेलच असं नाही. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी लवकर जा आणि केसपेपर काढतानाच "मानसोपचार विभाग" असं स्पष्ट सांगा. नुसतं "डोकं दुखतं" म्हणालात तर मेडिसिनच्या रांगेत दुपार होते.

दुसरा पत्ता वैद्यकीय महाविद्यालयांचा. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला मानसोपचार विभाग ठेवावाच लागतो. आडगावला डॉ. वसंतराव पवार महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तर घोटीजवळ धामणगावला एसएमबीटीचं. तिथे निवासी डॉक्टर सविस्तर माहिती लिहून घेतात, मग वरिष्ठ बघतात. वेळ जातो, पण गुंतागुंतीच्या केसला तो वेळ कामाचा असतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा तिसरा पत्ता बरेचदा विसरला जातो: कामगार विमा. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार आणि त्यांचं कुटुंब त्यात येतं. मानसिक आजारही त्यात येतात. स्किझोफ्रेनियासारख्या काही आजारांसाठी, अटी पूर्ण होत असतील, तर दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के दराने दीर्घकालीन आजारभत्ता मिळू शकतो. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात विचारा. तिथे तज्ज्ञ नसेल तर बाहेर पाठवण्याची चिठ्ठी मागा.

राहिले खासगी दवाखाने. निवडीचा खरा प्रश्न तिथेच येतो.

"सगळ्यात चांगला" डॉक्टर कसा ओळखायचा?

हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवा. मनोविकारात पहिल्या भेटीत सुरुवात होते. काम होतं ते दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या भेटीत. पहिली गोळी लागू पडेलच असं नसतं, डोस वाढवावा लागतो, कधी औषध बदलावं लागतं. म्हणून मुंबईच्या नामांकित डॉक्टरकडे एकदाच जाऊन आलेल्या माणसापेक्षा कॉलेज रोडच्या साध्या दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी जाणारा लवकर बरा होण्याची शक्यता जास्त. निवडताना निकष एकच ठेवा: पंधराव्या दिवशी मला इथे पुन्हा यायला जमेल का?

त्यामुळे फोनवर काय विचारायचं तेही ठरतं. नवीन पेशंटला कधीची वेळ मिळेल, हे सगळेच विचारतात. त्यापुढचं विचारा. दुसऱ्या भेटीची वेळ लगेच मिळते का? मधेच गोळीचा त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? डॉक्टर गावाला गेले तर कोण बघतं? समुपदेशक दवाखान्यातच आहेत की बाहेर पाठवतात? गरज पडली तर कुठे दाखल करतात? रिसेप्शनवरच्या बाईंना ही उत्तरं सहज देता आली तर दवाखाना व्यवस्थित चालतोय असं समजायला हरकत नाही. "ते मॅडमच सांगतील" एवढंच ऐकू आलं तर जरा जपून.

तारीख महिन्याभरानंतरची मिळाली तर ती घ्या आणि रद्द झालेल्या वेळेसाठी नाव लिहून ठेवायला सांगा. दरम्यान फॅमिली डॉक्टरांकडून रक्तातलं थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड कमी असलं की उदासीनतेसारखीच लक्षणं दिसतात, आणि या तपासण्या पहिल्याच दिवशी लिहून दिल्या की एक भेट त्यातच जाते.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसकट. "पांढरी छोटी गोळी होती" यावरून काहीच कळत नाही. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती आठवडे घेतली आणि का सोडली, हे एका कागदावर लिहा. एखादं औषध तीन दिवस घेऊन सोडलं असेल तर त्याला "लागू पडलं नाही" म्हणता येत नाही, आणि डॉक्टरला हा फरक कळला पाहिजे.

आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, प्रोटीन पावडर, तंबाखू, दारू, सगळं सांगा. दारूचं प्रमाण कमी करून सांगितलं तर झोपेच्या गोळीचा डोस चुकू शकतो. घरात कोणाला असा आजार होता का, तेही. आणि शक्य असेल तर सोबत राहणारं एक माणूस न्या, कारण झोप, बडबड, चिडचिड यांतले बदल स्वतःला कमी आणि बायकोला किंवा आईला जास्त दिसतात. मात्र काही वेळ एकट्याने बोलायचं असेल तर तसं सांगायचा हक्क आहे.

गोळी सुरू केली, आठ दिवस झाले, काहीच फरक नाही. बदलू का?

नको. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या उदासीनतेच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा. नाशिककरांना हे समजावणं तसं सोपं आहे: ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी केली की दुसऱ्या आठवड्यात कोणी बागेत घड मोजायला जात नाही.

अडचण अशी की त्रास आधी येतो आणि फायदा नंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, कधी अस्वस्थता वाढणं हे होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. म्हणूनच सुरुवात अर्ध्या डोसने करतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्यांच्यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि तसं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

बरं वाटायला लागलं की गोळी बंद करण्याचा मोह होतो. पहिल्यांदाच उदासीनता आली असेल तर बरं वाटल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केलं की चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड असं होतं.

पण या गोळ्यांची सवय लागते ना?

काहींची लागते, काहींची नाही, आणि घोळ तिथेच आहे. उदासीनतेच्या गोळ्यांची तलफ येत नाही, डोस आपोआप वाढवत न्यावासा वाटत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांची मात्र सवय लागते. त्या थोड्या दिवसांच्या आधारासाठी असतात.

आता तुमचं पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे एका गोळीत दोन औषधं एकत्र असलेले ब्रँड सर्रास लिहिले जातात: एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि त्यात क्लोनाझेपाम ०.५. नावात फरक असतो तो शेवटच्या एखाद्या छोट्या शब्दाचा. माणसाला वाटतं आपण एकच "नैराश्याची गोळी" घेतोय, आणि वर्षभर नकळत क्लोनाझेपाम पोटात जात राहतं. मग तो गोळी बंद करतो, चार रात्री झोप उडते आणि सगळ्याच औषधांबद्दल मत बनतं. दुसऱ्या भेटीला डॉक्टरांना थेट विचारा: यातलं दुसरं औषध कधी काढणार?

लिथियम (बायपोलर आजारात दिलं जाणारं औषध) घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. रक्तातली पातळी मोजायची ती शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त द्या आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच घ्या. आधी घेतली तर पातळी खोटी जास्त दिसते, डोस कमी केला जातो आणि आजार परततो. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं घेतली तर लिथियम खरोखरच धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. एप्रिल-मेची उन्हं, जुलाब आणि निर्जळी उपास, तिन्हीत सांभाळा. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

औषध मिळेल ना?

नेहमीची औषधं कुठल्याही दुकानात मिळतात. जनऔषधी केंद्रात बरीचशी जेनेरिक स्वरूपात खूप स्वस्त पडतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या म्हणजे ब्रँडचा प्रश्न उरत नाही. एखादं जवळ मिळालं नाही तर गोळे कॉलनीच्या औषध बाजारात चौकशी करा.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम अशी काही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, येतात. दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत नोंदवावं लागतं, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर तो नाही म्हणाला तर भांडू नका. मुलांच्या एडीएचडीसाठीचं (लक्ष न टिकणं, अति चंचलता) मिथाइलफेनिडेट त्याहून कडक शेड्यूल एक्समध्ये आहे. त्याला चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात राहते, आणि ते ठेवण्याचा परवाना मोजक्याच दुकानांकडे असतो. तो दुकानदार कोण, हे डॉक्टरांकडूनच विचारून निघा.

ऑनलाइन दाखवलं तर? की पुणे-मुंबईच बरं?

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर तपासून बरीच औषधं लिहून देऊ शकतो. शेड्यूल एक्स आणि अमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधं त्यातून वगळली आहेत, म्हणजे एडीएचडीच्या गोळीसाठी आणि झोपेच्या अनेक गोळ्यांसाठी प्रत्यक्ष जावं लागतं. कळवण, सुरगाण्याच्या माणसासाठी मधला मार्ग चांगला: पहिली भेट नाशिकला प्रत्यक्ष, पुढच्या काही व्हिडिओवर, तीन महिन्यांतून एकदा समोरासमोर.

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. डॉक्टरची तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांसाठी ही सोय मोलाची आहे.

मुंबई-पुणे दुसऱ्या मतासाठी ठेवा: दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही उपयोग झाला नाही, लहान मुलाचं गुंतागुंतीचं निदान आहे, खाण्याशी संबंधित गंभीर विकार आहे. तिथून सल्ला आणा, पण दर महिन्याचं बघणं नाशिकलाच ठेवा. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. बहुतेकांना त्यांची पायरी चढावी लागत नाही.

त्याआधी विपश्यना किंवा शांती करून बघितली तर?

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज भरताना मानसिक आजार आणि औषधांची माहिती विचारतात, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिराची शिफारस केली जात नाही. ही माहिती लपवून जाऊ नका. दहा दिवस मौन, पहाटेपासून ध्यान आणि वर औषध बंद, हे उन्माद किंवा सायकोसिसच्या (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याच्या) रुग्णाला झेपणारं नाही. त्र्यंबकेश्वरची पूजा हा श्रद्धेचा भाग आहे, घरच्यांना त्यातून धीर येत असेल तर करावी. पण मुहूर्त महिन्याने असेल तर गोळ्या महिनाभर थांबवायच्या नाहीत, आणि उपासाच्या दिवशी कोणती गोळी कशी घ्यायची ते आधी विचारून ठेवायचं.

रात्री दोन वाजता प्रसंग आला तर?

माणसाला एकटं सोडू नका. शेतावर राहत असाल तर फवारणीची औषधं कुलुपात घाला आणि किल्ली त्याच्या हाती लागू देऊ नका. घरातला गोळ्यांचा साठाही दुसऱ्याकडे द्या. १०८ ला फोन करा, सिव्हिलचा अपघात विभाग चोवीस तास चालू असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हजरच हवा असं नाही. नातेवाइकांनी अर्ज केला आणि कायद्यातल्या अटी पूर्ण झाल्या तर इच्छेविरुद्धही दाखल करता येतं, पण पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस, दोघांच्या (एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर) स्वतंत्र तपासणीनंतर, आणि त्यावर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची नजर असते. व्यसनमुक्ती केंद्राची गाडी घरी बोलावून माणसाला उचलून नेणं हा त्यातला मार्ग नाही. असल्या केंद्राला आधी नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

खर्च, विमा आणि "लोकांना कळेल" याचं काय?

याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलंय. व्यवहारात ते दाखल होण्याला लागू पडतं. बहुतेक पॉलिसींत दवाखान्याची फी आणि महिन्याच्या गोळ्या येत नाहीत, म्हणून ओपीडीचा भाग आहे का ते पॉलिसीत वाचा. आणि जुना आजार प्रस्तावात लपवू नका. दावा फेटाळला जातो तो बरेचदा याच कारणाने.

माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. मालकाला, शाळेला किंवा सोयरीक जुळवणाऱ्या मामांना ती देता येत नाही. आपली कागदपत्रं मिळवण्याचा हक्क मात्र रुग्णाला आहे, आणि डॉक्टर बदलताना तो वापरा. आधीच्या डॉक्टरांकडून निदान, आजवरची औषधं, डोस आणि त्यांचा परिणाम असा एक पानी सारांश मागून घ्या. नव्या डॉक्टरची तारीख हातात येईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्यांची चिठ्ठीही त्याच वेळी लिहून घ्या.